दोन खिळेवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आरशाच्या चौकटीचे कोपरे कुसू (एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून कसे जोडायचे, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "दादा, ४५ अंशात कापा, फेव्हिकॉल लावा, दोन खिळे मारा, झालं. कुसू-बिसू हा रिकामटेकड्यांचा दिखावा. सागाचा खर्चही लपवलात, आणि आरसा टांगायचा कसा ते नाहीच."

टांगण्याचं लिहायला हवं होतं, मान्य. पुढच्या भागात येईल.

आता "रिकामटेकडे". मी नोकरी करतो. रात्री जेवणं उरकली की गॅलरीत पटाशी हातात घेतो, वर ठोकाठोकीबद्दल शेजाऱ्यांची बोलणी खातो. रात्री एक वाजता अनोळखी माणसाच्या लेखाखाली येऊन त्याला रिकामटेकडा म्हणणाऱ्याच्या हाताला काय काम असेल, हे मी विचारत नाही. आणि दिखावा? सांधा बसला की कुसू खाचेत जातं, ते कुणाला दिसतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा दिखावा कसा करतात, शिकवा एकदा.

माझे आजोबा रत्नागिरीकडे दारं-खिडक्या करायचे. त्यांच्या हातच्या चौकटीच्या सांध्यात मी खिळा पाहिलेला नाही, बांबूची खुंटी असायची. त्या खिडक्या आजही भर पावसात नीट मिटतात. त्यांनाही दिखावाच करायचा होता म्हणा.

तरी तुमच्या समाधानासाठी सांगतो. माझा आरसा ६० बाय ९० सेंटीमीटरचा, काच ४ मिलिमीटर. नुसत्या काचेचं वजन साडेपाच किलोच्या आसपास. तिरक्या कापात लाकडाच्या रेशांची तोंडं उघडी पडतात आणि फेव्हिकॉल पकड घेण्याआधीच आत शोषला जातो. शिवाय साग झाला तरी हवेनुसार रुंदीत फुगतो-आक्रसतो, लांबीत जवळपास नाही. म्हणून ४५ अंशाचा सांधा पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडू बघतो, उन्हाळ्यात आतल्या. तुमचे दोन खिळे तिथे काय करणार? दरवर्षी थोडे आणखी सैल होणार.

कुसू लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवलं की त्याच्या दोन्ही सपाट बाजू खाचेच्या भिंतींना घट्ट टेकतात. फेव्हिकॉल धरतो तो अशा जागी. वरून खुंटी ठोकली की उद्या फेव्हिकॉल सुटला तरी कुसू बाहेर येत नाही. किकऱ्याने, म्हणजे खाच पाडायच्या जाड पटाशीने, खाच मारताना हात भरून येतो, हे खरं. पण तो माझा हात आहे.

बाजारातून तयार चौकट आणून वर्षभरात कोपरा उघडलेला मी पाहिलाय, आमच्याच बेसिनवर. दुकानाचं नाव सांगत नाही. तुमचं त्या दुकानाशी नातं नसेल अशी आशा आहे.

सागाचा खर्च लपवला नाही, विचारलाच कुणी नव्हता. शिवाय माझं लाकूड जुन्या दाराचं होतं, हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे. तिथपर्यंत वाचलं असतंत तर बरं झालं असतं.