जुन्नर दोन तासांत उरकू नका

दिवाळीच्या सुट्टीत कल्याणहून नणंदेचा फोन आला. "अगं, रविवारी तुझ्या माहेराकडे येतोय. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करू आणि दुपारी निघू. जेवायला हायवेला कुठेतरी थांबू." मी म्हटलं, "ताई, एक रात्र राहा. मुलांना मी फिरवते." त्या म्हणाल्या, "रात्र राहून बघायचं काय गं तिथे?"

त्यांचा दोष नाही. पुणे, मुंबई, नाशिकहून येणारी बहुतेक माणसं जुन्नर असंच बघतात. गड चढायचा, शिवजन्मस्थानापुढे हात जोडायचे, फोटो काढायचे, लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं, ओझरला विघ्नहर गाठायचा आणि अंधाराच्या आत नारायणगाव सोडायचं. गाव मधे लागतं ते फक्त गाडी वळवण्यापुरतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे. तेव्हापासून तर माझ्या ओळखीचे सगळेच "एकदा जाऊन येऊ" म्हणतायत. याच वेळी हे सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

जुन्नर म्हणजे नुसता एक गड नाही. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. शिवनेरीच्या अंगावर आहेत, लेण्याद्रीला आहेत, मानमोडीला आहेत, तुळजा डोंगरात आहेत. आणि ती इथे का आहेत याचं उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटानं वर जुन्नरला यायचा. व्यापारी आले, पैसा आला, दानं झाली, डोंगर कोरले गेले. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा, म्हणजे ग्रीक माणसाचा लेख आहे. त्यानं "बे पोढियो" म्हणजे पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्या. "बे एके बे" मधला तोच बे! शाळेत पाढे म्हणताना आपण जो शब्द घोकला, तो दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाच्या दानलेखात कोरलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता नाणेघाटाचंच बोलते, कारण माझं दुखणं तिथे आहे. पावसाळ्यात तिथे वाऱ्यानं पाणी उलटं वर उडतं. ते दिसतं सुंदर, बघावंच. पण हजारो माणसं त्या कड्यावर उभी राहून व्हिडिओ काढतात आणि खाली घाटवाटेवरच्या गुहेकडे न बघता परत फिरतात. त्या गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा काय दिली याचा तो हिशोब. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. आकडे अंकांत लिहिलेत, आणि आपल्याकडच्या अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पावलांच्या खुणा आणि वर नावं उरलीत. वर आलात की दगडी रांजण दिसतो, जकातीचा रांजण म्हणतात त्याला. मुलांना तिथे उभं करून सांगा की इथून बैलांचे तांडे चढायचे. पुस्तकातला सातवाहन धडा त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

ताई शेवटी राहिल्या. रात्री आईनं मासवडी आणि बाजरीची भाकरी केली. आमच्या भागात पाहुणा आला की मासवडीच. सकाळी सातला आम्ही तुळजा लेण्यांना निघालो. गावापासून जवळ, चढही फार नाही. तिथलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनागृह, गोल आहे, मधे स्तूप आणि भोवती १२ अष्टकोनी खांब. असं गोल चैत्यगृह तुम्हाला सहसा बघायला मिळणार नाही. आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं. भाच्यानं तीनदा प्रदक्षिणा घालून खांब मोजले.

ज्यांच्या पायात बळ आहे त्यांच्यासाठी चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले आहेत. हडसरची कातळात कोरून काढलेली वाट आणि दरवाजे बघून माणूस गप्प होतो. जीवधनला मात्र सवय असेल तरच जा, आणि पावसात नकोच. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पार २५ किलोमीटरपर्यंत पसरल्यात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते, तेव्हा मुलांना आणा. चैत्रात यायचं असेल तर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या बघा. गावोगावचे जत्रेचे पुढारी तिथे सुपारी द्यायला येतात.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. लेण्यांवर आग्यामोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. आणि हा बिबट्याचा मुलूख आहे. अंधार पडल्यावर उसाच्या फडाकडेनं पायी फिरू नका, लहान मुलांना तर क्षणभरही एकटं सोडू नका. आमच्या लोकांनी या भीतीची फार मोठी किंमत मोजलीय.

२०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला. मला त्यातून काचेचा पूल नको, झिपलाइन नको. लेण्यांपाशी बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी. वाटांवर वाचता येतील असे फलक हवेत. गावातल्या पोरापोरींना हे लेख वाचून दाखवता येतील इतकं शिक्षण आणि त्याचे रोजचे पैसे हवेत. माणसं मुक्कामी राहिली तर खानावळ चालेल, जीपवाल्याला भाडं मिळेल, घरात दोन खोल्या रिकाम्या असलेल्या मावशीला चार पैसे मिळतील. दुपारी निघून जाणाऱ्या गाडीकडून गावाला फक्त पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मिळतात.

ताईंनी परवा पुन्हा फोन केला. डिसेंबरात येतायत, तीन दिवस. कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट पायी चढून येणार म्हणाल्या. मी वर रांजणापाशी पिठलं-भाकरी घेऊन उभी राहणार आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा.