रूटमध्ये जा, मामा

शनिवारी सकाळी लॅपटॉपने जाहीर केलं की डिस्क भरली. माझी त्यातली इस्टेट म्हणजे पुतण्याच्या मुंजीचे फोटो आणि सोसायटीच्या दोन सभांची इतिवृत्तं. त्यांनी १२० जीबी कसे खाल्ले? त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवून देणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी रूटमध्ये जा."

'रूट' नावाचं फोल्डर सापडलं. दार बंद. परवानगी नाही.

"तो रूट नाही रे! नुसती तिरपी रेघ असते ना, तो रूट, सगळ्या फोल्डरांचं मूळ. तुला सापडलं ते अ‍ॅडमिनचं घर."

म्हणजे वाड्याचं नाव रूट, वाड्यातल्या एका खोलीचं नाव रूट आणि त्या खोलीत राहणाऱ्या मालकाचंही नाव रूट. आमच्या चाळीत तीन जोशी होते, पण पोस्टमन तरी शहाणा होता.

रेघेपाशी उभा राहिलो. वीसेक फोल्डरं. त्यात 'यूएसआर' दिसलं. यूजर म्हणजे मीच की! आत शिरलो, तर हजारो फायली आणि ओळखीचं कुत्रं नाही. भाचा म्हणाला, तू 'होम'मध्ये राहतोस, इथे प्रोग्रॅम राहतात. एके काळी यूएसआरमध्ये खरंच माणसं राहायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची लिनक्सचा पूर्वज युनिक्स घडवत होते, तेव्हा पहिली डिस्क भरली आणि सिस्टिमचं सामान माणसांच्या डिस्कवर सरकलं. भटाला दिली ओसरी! पुढे माणसांनीच बिऱ्हाड हलवलं. दारावरची पाटी तेवढी राहिली.

'ईटीसी' मी ओलांडूनच जाणार होतो. 'वगैरे'मध्ये काय असणार? तर अख्ख्या मशीनची सेटिंग्ज तिथे. त्यातल्या 'पासवर्ड' नावाच्या फायलीत आता पासवर्ड नसतात, ते शेजारच्या 'शॅडो'त. याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात 'चहा' लिहिलेल्या डब्यात मेथीदाणे असतात, चहा बोर्नव्हिटाच्या बाटलीत, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याने ओट्याकडे फिरकू नये असा नियम आहे. कोणतं सामान कुठे ठेवायचं याचे नियम लिनक्सवाल्यांनी निदान १९९४ साली लिहून काढले. आमचे अजून तोंडीच आहेत.

मग 'प्रॉक'मध्ये चोर सापडला. 'केकोर' नावाची एकच फाईल, आकार १२८ टेराबाइट! माझ्या डिस्कच्या हजारपट! ऊर भरून आला. पुसायला गेलो, पुसेना. भाच्याला सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. प्रॉकमधलं काहीच डिस्कवर नसतं म्हणे. चालू मशीनची खबरबात कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिथे फायलींच्या रूपात मांडतो. केकोरचा आकडाही कागदावरचाच, जागा शून्य. आमच्या बिल्डरने सुपर बिल्टअपचा हिशोब इथूनच उचलला असावा.

"मामा, 'व्हार'मध्ये बघ. लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी."

'व्हार' म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींची खोली. तिथे नव्वद जीबीची एक वही होती. उघडायला दहा मिनिटं लागली. आत एकच वाक्य, अखंड, पुन्हा पुन्हा लिहिलेलं: प्रिंटर सापडत नाही.

प्रिंटर दिवाळीआधीच भंगारवाल्याला दिला होता. सौ.ला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भंगारवाल्याला तर होतंच. मशीनला कुणी कळवलंच नव्हतं.

भाच्याने सांगितलेली आज्ञा टाइप करून वही पुसली. जागा मात्र तेवढीच! "ज्या प्रोग्रॅमने ती उघडून धरलीय, तो सोडेपर्यंत जागा सुटत नाही," भाचा म्हणाला. "रीस्टार्ट कर."

केलं. डिस्क मोकळी झाली. नव्वद जीबी! आनंदाने 'व्हार'मध्ये पुन्हा डोकावलो. कोरी करकरीत वही, आणि पहिल्याच ओळीवर: प्रिंटर सापडत नाही.