मामा, पायपेटी कुठली?

गिरगावात वाढलेल्यांना ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे बसचा थांबा. आसपास हिऱ्यांचे दलाल, चर्नी रोडला उतरणारी गर्दी आणि एक कुलूपबंद, कबुतरांनी भरलेली इमारत. आत कधीकाळी काय चालायचं, हे विचारावंसं मलाही कधी वाटलं नाही. ऑपेरा, म्हणजे युरोपातलं गाऊन सादर होणारं नाटक, पहिल्यांदा ऐकला तो तिशीत, जर्मनीत कोलोनला आल्यावर.

गायिका आशा पुथलीचं नावही इथेच कळलं. जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात मालकाने विचारलं, “मुंबईच्या का तुम्ही? मग ही ठाऊकच असेल.” नव्हती. त्याने सुई टेकवली. अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘सायन्स फिक्शन’, 1971 सालचं रेकॉर्डिंग. वाद्यं आपापल्या वाटेने निघालेली, आणि त्यांच्या मधून एक बाई कसलीही घाई न करता सूर लांबवत येते. मुंबईची मुलगी, हिंदुस्तानी शास्त्रीय आणि ऑपेरा दोन्हींची तालीम घेतलेली, काही काळ हवाईसुंदरीची नोकरी केलेली. त्या रेकॉर्डवरच्या दोन गाण्यांमुळे अमेरिकेतल्या जाझ समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. 1976 चं तिचं ‘स्पेस टॉक’ हे गाणं तर जर्मन निर्मात्याच्या हातचं. पुढे हिपहॉपवाल्यांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत उचलले. दुकानदाराला सगळं तोंडपाठ. मी आपली मान डोलावत उभी, जणू मला माहीतच होतं.

हे आत्ता आठवायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. माझ्या भाचीला ऑपेरा शिकायला युरोपात यायचंय. मामाने लिहिलं, “आपलं संगीत काय कमी आहे, म्हणून परक्यांसारखं किंचाळायचं?” मावसभाऊ म्हणाला, असल्या गाण्याला पैसा घालण्यापेक्षा संगीत नाटक जगवा. त्यावर तीन अंगठे आणि एक हात जोडलेला. दोन दिवस हेच.

मामाचं म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही. नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस आहे, आणि ते आटत चाललेलं त्याने डोळ्यांदेखत पाहिलंय. पण ‘आपलं’ म्हटलं की मला पायपेटी दिसते. बालगंधर्वांच्या साथीला असायची ती मुळात विलायती ऑर्गन, आपण तिला मराठी नाव देऊन घरची करून टाकली. आणि बालगंधर्व गायले ते याच ऑपेरा हाऊसमध्येही! 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा इमारत पुरती बांधूनही झाली नव्हती. पुढे तिथे नाटकं झाली, सिनेमे लागले, 1993 ला दार बंद झालं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारियो. त्याही मुंबईच्याच. लंडनला शिकल्या, तिथेच राहिल्या. जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने त्यांचा आवाज डोळ्यांपुढे ठेवून रचना केल्या, 1992 च्या त्याच्या ऑपेरात नायिकेची भूमिका त्यांची होती. माझ्या बालपणीच्या बसथांब्यापाशी ऑपेरा गायला मुंबईच्याच बाईला लंडनहून यावं लागलं.

मला खटकतं ते इथे. गळे मुंबईने कमी दिले नाहीत, दिली नाही ती नोकरी. एकेकाळी चर्चगेटच्या रेस्टॉरंटांतून रोज रात्री जाझ वाजायचं. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. दिवसा फिल्म स्टुडिओत व्हायोलिन-ट्रंपेट, रात्री रेस्टॉरंटच्या मंचावर. त्यांच्या बरोबरीने गाणाऱ्या पाम क्रेन, लोर्ना यांना ऐकायला लोक ठरवून जायचे. कला टिकली कारण रात्रीचे पैसे रात्री हातात पडत. ती रेस्टॉरंटं शांत झाली आणि त्या गाण्याचा पत्ताच गेला. ते ‘आपलं’ की ‘परकं’ हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला होता, असं मला वाटत नाही.

आमच्याकडे जर्मनीत (हे ‘आमच्याकडे’ मामाला फार लागतं) लहानसहान शहरांतही नगरपालिकेच्या पैशावर चालणारं थिएटर असतं. गाणारा तिथे पगारी नोकर, महिन्याच्या महिन्याला पगार, पेन्शनसकट. स्वर्ग वगैरे नाही. माझी शेजारीण जवळच्या एका शहरात चौदा वर्षं गायली. पंधरा पूर्ण झाली की माणसाला सहजी काढता येत नाही, म्हणून चौदाव्या वर्षी तिला पत्र आलं : करार वाढवणार नाही. ते पत्र तिने स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता मला वाचून दाखवलं, आणि मग सुरी खाली ठेवून तासभर काही बोललीच नाही. बर्लिनने 2025 साठी संस्कृतीच्या खर्चातून 130 दशलक्ष युरो कापले. आणि आमचं कोलोनचं ऑपेराघर दुरुस्तीसाठी 2012 ला बंद केलं, 2015 ला उघडणार होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मंडळी नदीपलीकडे एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गात राहिली. दिरंगाईत आपणच पुढे, असं समजणाऱ्यांनी इथे एक चक्कर मारावी.

तरी शेजारणीला एक प्रश्न कधी कुणी केला नाही : हे गाणं तुझं आहे का? ती कोरियाची आहे. तिला विचारलं ते एवढंच, आवाज कुठल्या जातीचा, कुठल्या भूमिका तयार आहेत, सोमवारी तालमीला येशील का?

भाचीला मी ये म्हटलंय. जर्मन आधी नीट शिक, आणि चौदा वर्षांची गोष्टही सांगितली. “मावशी, तू घाबरवतेयस की बोलावतेयस?” म्हणाली. दोन्ही, म्हटलं.

ग्रुपवर मी वाद घातला नाही. मामाला वेगळं, काहीही न लिहिता, कोलमनच्या रेकॉर्डवरचं पुथलीचं एक गाणं पाठवलं. दोन निळ्या खुणा, मग तासभर काही नाही. मुंबईत तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. मग आला त्याचा मेसेज : “मागचे लोक काय वाजवतायत देव जाणे. बाई मात्र सुरात आहे. शिकली कुणाकडे?”