कोकणात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

कूलंटवरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या द्रवावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून परखड लिहिलंत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात पाणी कधी गोठत नाही, तुमच्या जीपमध्ये कायम विहिरीचंच पाणी होतं आणि इंजिनला काही झालं नाही, तेव्हा कूलंट हा कंपन्यांनी मागे लावलेला खर्च आहे. शिवाय घाटात गाडी तापली की शेवटी झऱ्याचं पाणीच कामाला येतं. एवढ्या अनुभवातून आलेल्या मताला दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून सवडीने लिहितोय.

तुमचं बरंचसं बरोबर आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही; कूलंटमधला मुख्य घटक म्हणजे ग्लायकॉल, ते मिसळलं की ती ताकद उलट कमी होते. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण त्याचा रत्नागिरीत काय उपयोग? उकळण्याचं म्हणाल तर उघड्यावर ते १०८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा फार पुढे नाही. पाणी उकळू न देण्यात मोठा वाटा रेडिएटरच्या दाब धरून ठेवणाऱ्या कॅपचा आहे. १.१ बारची कॅप धड असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून कॅपच्या रबराला चिरा गेल्या असतील तर आधी ती बदलावी. लोक रेडिएटर बदलतात आणि कॅप मात्र जुनीच लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग कूलंट हवं कशाला? गंजासाठी. माझ्या मते कोकणात ते घाटावरच्यापेक्षा जास्तच हवं.

तुमच्या जीपचा ब्लॉक (इंजिनचा मुख्य ठोकळा) बिडाचा, हेड (त्यावरचा भाग) बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. जाड धातू, गंज चढला तरी वर्षानुवर्षं टिकणारा. आजच्या घरगुती गाडीत हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटरच्या नळ्या कागदासारख्या पातळ अॅल्युमिनियमच्या, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि त्याच पाण्यात कुठे लोखंड, कुठे पोलाद. वेगवेगळे धातू एका पाण्यात आले की त्यातला दुबळा झिजतो, आणि इथे दुबळं आहे ते अॅल्युमिनियम.

हातखंब्याजवळ एका मिस्त्रींच्या बाकावर थर्मोस्टॅटचं (पाण्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचं) अॅल्युमिनियमचं तोंड काढून ठेवलेलं पाहिलं. गाडीत सुरुवातीपासून पाणीच घातलेलं. होज पाइप जिथे बसतो ती कड घुणा लागलेल्या फळीसारखी झाली होती. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली आणि खाली खड्डे. तिथे क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपणारच. मालकाची तक्रार मात्र एवढीच होती, की बाटलीतलं पाणी दर आठवड्याला कमी होतं.

आता पाण्याचं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी गोड आणि मऊ असतं, त्यात डाळ पटकन शिजते, हे खरं. पण ते बहुतेक किंचित आम्लधर्मी असतं. खाडीकाठच्या विहिरी तर मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्यातलं क्लोराइड अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं आणि एकेका ठिकाणी भोक पाडत जातं. बोअरचं पाणी जड असेल तर हेडच्या आत, जिथे सगळ्यात जास्त आच असते तिथेच, क्षारांचा थर बसतो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हे थांबवतात. काही उत्पादक उष्ण प्रदेशात ३० टक्के कूलंट चालेल म्हणतात, शून्य टक्के मात्र कोणी म्हणत नाही. ते ३० टक्के गोठू नये म्हणून नाहीत, गंजू नये म्हणून आहेत.

कूलंटमध्ये पाणी घालायचं तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड घ्या. रेडी टू यूज, म्हणजे आधीच पाणी मिसळलेली, बाटली असेल तर तीत काहीच मिसळू नका. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा फक्त रंग आहे, सगळ्या कंपन्यांना लागू होईल असा त्याचा नियम नाही. दोन जातींची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधकांचा जोर जातो, क्वचित साकाही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच घ्या, आणि ते किती वर्षांनी बदलायचं हेही तिथेच पाहा. जुन्या पद्धतीचं साधारण दोन-तीन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लांचं पाच किंवा अधिक. बाटलीवर आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) असं काही छापलेलं नसेल तर मी ती घेत नाही.

घाटाबद्दल. आंबा घाट असो की आंबोली, मे महिन्यात भरल्या गाडीत एसी लावून चढताना काटा वर सरकला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि जागा मिळताच थांबा. हीटर गरम हवेऐवजी गार हवा फेकत असेल तर पाणी बहुतेक संपलेलं आहे. अशा वेळी काट्यावर विसंबू नका, कारण सेन्सर पाण्याबाहेर पडला की तो कमीही दाखवतो. कॅपला हात लावायची घाई नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग झऱ्याचं पाणी जरूर घाला, त्यात माझा तुमच्याशी वाद नाही. इंजिन वाचवणं पहिलं. फक्त तापल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि घरी पोचल्यावर गळती शोधून, आतलं सगळं काढून कूलंट भरून घ्या. बहुतेक जण हेच विसरतात आणि ते झऱ्याचं पाणी पुढच्या गणपतीपर्यंत आत राहतं.

रेडिएटर बाहेरूनही खराब होतो. किनाऱ्यावरची खारी हवा आणि महामार्गावर मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी समोरच्या जाळीवर बसतं. साध्या पाण्याने, जोर कमी ठेवून, जाळी धुवा. मुरुड-कर्द्याच्या वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी.

एक विनंती. काढलेलं कूलंट आवारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि एथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी होतात. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

तुम्ही शेवटी विचारलंत, आता जीपमध्ये काय घालू? तिचा रेडिएटर शिशाच्या डागाचा, म्हणजे शिशाने सांधलेला, असेल, तर नवं सेंद्रिय आम्लांचं नको, जुन्या पद्धतीचं, जुन्या गाड्यांना चालतं असं लिहिलेलं घ्या. आणि भरण्याआधी मिस्त्रींना रेडिएटर दाब देऊन तपासायला सांगा. इतक्या वर्षांच्या गंजाने बारीक भोकं बुजलेली असतात. आत स्वच्छ झालं की ती उघडी पडतात आणि दोष नव्या कूलंटवर येतो.