शाळाप्रवेश : इच्छुक पालकांना चार सल्ले

मूल रांगायला लागलं की शाळा शोधायला निघा. खरं तर उशीरच झालाय. शाळा 'इंटरनॅशनल'च हवी. ती भांडुपला असली तरी चालेल.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. पहिल्यांदा सापडल्यास शाळेला 25 हजारांपर्यंत दंड. म्हणून शाळा तुम्हाला नुसतं गप्पा मारायला बोलावते. बाबांची कंपनी कुठली, आई घरी इंग्रजी बोलते का, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, इतपतच गप्पा. मोकळेपणाने बोला.

डोनेशनला महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो शब्द काउंटरवर काढू नका. 'इमारत निधी' म्हणावं. पावती मागू नये, माणसं दुखावतात.

शिक्षण हक्क कायद्यानेच खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मिळतात. चारचौघांत याचं कौतुक करा. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र 'लेव्हल'ची काळजी व्यक्त करायला विसरू नका. सरकारलाही तुमची काळजी होतीच हो! फेब्रुवारी 2024 मध्ये नियम निघाला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सुटका. मुंबईत अशी शाळा किलोमीटरभरात नाही, असं ठिकाण शोधायला होडी करावी लागेल. पण उच्च न्यायालयाने जुलैत हा नियमच रद्द केला. शेजारधर्म म्हणून काही राहिला नाही.

पालिकेच्या शाळेकडे फिरकू नका. तिथे दप्तर, बूट, छत्री धरून 27 वस्तू फुकट देतात. फुकट देणाऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार? अलीकडे 'मुंबई पब्लिक स्कूल' असं नाव लावून त्यांनी सीबीएसईच्याही शाळा काढल्यात. अर्ज इतके आले की प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. सोडतीत इमारत निधीला वावच नाही, त्यावरून काय तो दर्जा ओळखा.

राहता राहिली दादर-गिरगावातली तुमची स्वतःची मराठी शाळा. पटसंख्येअभावी ती बंद पडायला आली, की माजी विद्यार्थी मेळाव्याला जरूर जा. तुमच्या मुलाला तिथे का घातलं नाही, हे विचारण्याइतकं असभ्य तिथे कोणी नसतं. बाकावर बसून फोटो काढा, बाईंच्या पाया पडा, 'मराठी शाळा वाचल्याच पाहिजेत' असं कडक भाषण ठोका. फक्त आटोपतं घ्या. पाचला मुलाचा रोबोटिक्सचा क्लास असतो, त्याची फी वेगळी भरलेली असते.