चेट बेकर: दात, हेरॉइन आणि खिडकी

जॅझच्या गप्पांत अमेरिकन ट्रम्पेटवादक चेट बेकरबद्दल एक दावा हमखास फिरतो: ‘चेट बेकरच्या सुरातली वेदना ही हेरॉइनची देणगी. १९६६ मध्ये गुंडांनी दात पाडले आणि ट्रम्पेट कायमचा थांबला. शेवटी ॲमस्टरडॅममध्ये त्याला खिडकीतून ढकललं.’ ऐकायला झकास, पण यातलं फारसं काही टिकत नाही.

तो मऊ, जवळजवळ न थरथरणारा सूर १९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘द हेग’ क्लबात तयारच होता. बॅरिटोन सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या चौकडीत, म्हणजे चार वादकांच्या संचात, पियानो नव्हता. मागून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरणारं कोणी नाही, म्हणून ट्रम्पेट आणि बॅरिटोन सॅक्सोफोन एकमेकांना जागा देत दोन वेगळ्या चाली गुंफत. कोणी जोर लावला असता तर वीणच उसवली असती. व्यसन कधी जडलं यावर वाद आहे: बेकर स्वतः १९५७ सांगे, जवळचे त्याआधीचं सांगतात. व्यसनाने दिलं काय, ते मात्र स्पष्ट आहे. १९६० मध्ये इटलीत अटक झाली आणि लुक्काच्या तुरुंगात वर्षाहून जास्त काळ गेला. १९५५ मध्ये त्याच्याच दौऱ्यावर पियानोवादक डिक ट्वार्ड्झिक पॅरिसमध्ये हेरॉइनने गेला, वय २४. देणगी म्हणे!

मार बसला, हे खरं. पण समोरचा एक दात लहानपणीच गेला होता. विशीतली सगळी कीर्ती त्या फटीसकट मिळवलेली. पुढे कवळी आली आणि खरी पंचाईत झाली. माउथपीस, म्हणजे ट्रम्पेटचं फुंकायचं टोक, ओठांवर टेकतो, ओठांना मागून आधार दातांचा. कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते. वरच्या स्वरासाठी दाब वाढवला की ती हलते, ओठांची पकड सुटते आणि सुराऐवजी फुसकी हवा येते. उपाय एकच: दाब कमी ठेवून खालच्या-मधल्या स्वरांत लांब सूर धरायचे, ओठांचे स्नायू नव्याने घडवायचे. याला वर्षं लागतात. बेकरच्या पथ्यावर पडलं ते हे की, तो मुळातच वरच्या सप्तकात फारसा रमत नसे. १९७४ मध्ये तो मलिगनबरोबर कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता, १९७९ मध्ये कोपनहेगनला ड्रमशिवाय, फक्त गिटार आणि बासच्या साथीने. १९८७ चा टोकियोचा कार्यक्रम तर त्याच्या उत्तम वादनांत गणला जातो. जपानचे कायदे कडक, म्हणून तिथे तो हेरॉइन सोडून मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनच्या जागी दिल्या जाणाऱ्या औषधावर, होता!

मृत्यू १३ मे १९८८ चा. पोलिसांना घातपाताचा पुरावा मिळाला नाही. खोलीत आणि शरीरात हेरॉइन आणि कोकेन मात्र सापडलं.