दहा कार्डं आणि एक आत्या

वाढदिवसाला मुलीने पेटी दिली. आत हातकागदाची दहा नोटकार्डं, तसलीच दहा पाकिटं. कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या आणि लगद्यातच गुलाबाच्या पाकळ्या बसवलेल्या. "बाबा, आता पत्रं लिहा हं," म्हणून ती बंगळुरूला निघून गेली. पेटी चार महिने हिच्या पैठणीशेजारी होती, आणि पैठणीइतकीच वापरात.

असल्या कागदावर लिहायचं काय? 'गॅस मिळाला, गुडघे ठीक' हे त्यावर शोभत नाही, आणि शोभेल असं आमच्या घरात काही घडत नाही. शेवटी साताऱ्याच्या आत्याला लिहायचं ठरवलं. वय ८६. आलेली पत्रं ती अजूनही तारेत ओवून ठेवते.

शाईपेन धुतलं, भरलं. 'ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.' इथवर दणक्यात आलो. मग 'शि.'ला पाय फुटले. 'सा.' त्याच्या गळ्यात पडला. दोन मिनिटांत मायन्याचा खेकडा झाला! हातकागद सुती चिंध्यांचा असतो, म्हणजे मुळात बनियनच, पाणी पिणारच. वरून खळ बसली नसेल तर शाई फुटते. जुन्या दप्तरांतला कागद खळ देऊन, दगडाने घोटलेला असायचा, म्हणून त्यावर बोरू पळायचा. पुण्याच्या हातकागद संस्थेला १९४० पासूनची परंपरा आहे, हे मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, "टेबलक्लॉथवर सांडलीय."

दुसऱ्या कार्डावर अक्षर चढणीला लागलं. तिसऱ्यावर 'आशीर्वाद'चा रफार कुठे द्यायचा यावर मी अडलो. फोन गेली कित्येक वर्षं तो माझ्या वतीने देत आला होता. चौथं कार्ड कोरंच होतं, पण त्यावर मी चहाचा कप ठेवला. असं करत नवव्यापर्यंत आलो. दहाव्याला मुकाट्याने बॉलपेन घेतलं. वर मधोमध नेमकी पाकळी होती, रीफिल तिच्यावरून घसरायला लागली, म्हणून तेवढी जागा सोडून खाली सुरुवात केली. चार ओळी, 'ता. क.' आणि सही. इतकं देखणं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं. पाच रुपयांचं तिकीट डकवून पेटीत टाकलं आणि दोन दिवस घरात साहित्यिकासारखा वावरलो.

पाच रुपयांत २० ग्रॅमच जातात, हे नंतर कळलं. उरलेलं पाकीट आणि एक डागाळलेलं कार्ड हिच्या केकच्या काट्यावर ठेवलं, तर २४ ग्रॅम. कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतात. थोडक्यात, मी आत्याला नॉटपेड पाठवलं होतं.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"पोचलं रे तुझं पत्र. दहा रुपये भरले."

"आत्या, चुकलंच माझं. पण आवडलं का?"

"वाचलं कुठं! चष्मा दुरुस्तीला टाकलाय. पण वर श्री नाही, कडा चारी बाजूंनी फाडलेल्या. म्हटलं, समजायचं ते समजलं. कार्ड फाडून टाकलं, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि आता फोन करतेय. सांग बाबा, कोण गेलं?"